पाऊस आला, पालवी आली. मग फळं कुठे गेली?

एका भगिनीचं पत्र आहे. सहा वर्षांची कोकोची बाग, साडेचारशे झाडं, वर गिरीपुष्पाची आणि काही मोठ्या जंगली झाडांची सावली. गेल्या हंगामात सलग चार महिने पाऊस नव्हता. पानं गळली, करंगळीएवढी फळं काळी पडून खोडावरच वाळली. चाळीसेक झाडं पार वाळून गेली, शंभरेक झाडांचे शेंडे मेले. मग पाऊस लागला. तीन आठवड्यांत बाग हिरवीगार झाली, खोडं फुलांनी भरली. लिंबूवर्गीय झाडांना ताण देऊन बहार धरतात, तसाच हा ताण बसलाय, आता उत्पन्न दणक्यात येणार, असं म्हणून घरातले निर्धास्त झाले. आता पावसाला चार महिने होऊन गेलेत, तरी तोडणीला फळं जेमतेम आहेत, आणि बी इतकं बारीक की घेणाऱ्याने नाक मुरडलं. दीर म्हणतात, हे पीक आपल्याला झेपणारं नाही, बाग काढून टाकू. सासरे म्हणतात, सावलीची झाडंच पाणी पितात, ती तोडा. ओळखीतला एक जण म्हणतो, खत दुप्पट करा. या भगिनीने वणव्याच्या भीतीने बागेतला पालापाचोळा आधीच झाडून काढलेला आहे. बाग ठेवायची की काढायची, आणि ठेवायची तर सावलीचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई,

तूर्त कुऱ्हाड लांबच ठेवा. कोकोवरही नको आणि सावलीवरही नको.

तुमच्या घरात तिघांची तीन मतं आहेत, पण एक गोष्ट तिघांनीही न बोलता धरून चालली आहे. आज तोडताय ती फळं पावसानंतरची आहेत, असं सगळे समजताहेत. ती तशी नाहीत. कोकोचं फूल फळल्यापासून फळ पिकायला पाच ते सहा महिने लागतात. तुमच्याकडे पाऊस लागून चार महिने झाले. म्हणजे या आठवड्यात तोडलेलं फळ धरलं ते कोरड्या दिवसांत, झाड पाण्यावाचून तडफडत होतं तेव्हा. पावसानंतर खोडावर जी फुलं दिसली, त्यांची फळं अजून पिकायचीच आहेत. दीर ज्या फळांवरून बागेचा निकाल लावताहेत ती गेल्या दुष्काळाची फळं आहेत, आणि दुष्काळाचा निकाल वाईट लागला याचं नवल नाही.

कोकोच्या दुष्काळातली ही सगळ्यात फसवी गोष्ट आहे. पाण्याचा ताण आज पडतो आणि तोडणीत तो पाच महिन्यांनी दिसतो, तेव्हा डोक्यावर पाऊस असतो. मग माणूस कारण भलतीकडेच शोधतो.

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर संशोधकांनी हे मुद्दाम करून पाहिलं. गिरीपुष्पाच्या सावलीतल्या मोठ्या कोको झाडांखाली छप्परं उभारून पावसाचं सुमारे ८० टक्के पाणी १३ महिने जमिनीवर पडूच दिलं नाही. पाहणाऱ्याला वाटेल झाडं गेलीच असतील. पण पानं जवळजवळ तेवढीच राहिली, खोड-फांद्यांची वाढही फारशी ढळली नाही. घटलं ते बियांचं उत्पन्न, आणि त्यातली सगळ्यात मोठी घट दिसली ती छप्परं काढल्यानंतर काही महिन्यांनी. ओढाताणीत झाड स्वतःला वाचवतं आणि फळावरचा खर्च आधी कापतं. म्हणून बागेची हिरवाई बघून उत्पन्नाचा अंदाज बांधता येत नाही आणि उत्पन्न बघून झाडाच्या जिवाचा अंदाज बांधता येत नाही. हे दोन प्रश्न वेगळे ठेवा; तुमच्या पत्रात ते एकमेकांत गुंतलेत.

आता फळांकडे येऊ. करंगळीएवढी फळं काळी पडून, सुरकुतून खोडालाच चिकटून राहिली, असं तुम्ही लिहिलंय. हा रोग असेल असं मला वाटत नाही. कोकोचं झाड पेलतील त्याहून जास्त फळं धरतं आणि नंतर त्यांतली बरीचशी स्वतःच सुकवतं. ही सुक पहिल्या अडीच महिन्यांत लागते; त्यापुढे गेलेलं फळ सहसा वाचतं. चांगल्या पावसाच्या वर्षीही निम्म्याहून जास्त कोवळी फळं अशी जाऊ शकतात. दुष्काळात झाड जास्त कठोर होतं, एवढाच फरक. रोगाची खूण वेगळी असते. फळकुजीत तपकिरी डाग पसरत जातो, ओल असेल तर त्यावर पांढुरकी बुरशी दिसते, आणि तो मोठ्या फळांनाही सोडत नाही. फळकूज ओल्या दिवसांचा रोग आहे. कोरड्या चार महिन्यांत वाळलेल्या फळांसाठी कुणी बुरशीनाशक विकायला आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

बी बारीक का, हे शोधायची एक सोपी रीत आहे. दहा-बारा पिकली फळं फोडा आणि प्रत्येकातल्या बिया मोजा. साधारण तीस-चाळीस बिया सापडल्या आणि त्या नुसत्याच लहान असतील, तर परागीभवन ठीक झालंय, पण बी भरायच्या वेळी पाणी कमी पडलं. बिया मोजक्याच, दहा-पंधरा असतील, तर दोष परागीभवनात आहे. दोन्ही कमी असेल तर दोन्ही. वाळलेल्या चांगल्या बीचं वजन सुमारे एक ग्रॅम भरतं, म्हणजे १०० ग्रॅममध्ये शंभरेक बिया. त्याच वजनात बिया जास्त बसू लागल्या की बीवरच्या टरफलाचा वाटा वाढतो आणि आतला मगज कमी होतो. तुमच्या घेणाऱ्याने नाक मुरडलं ते बहुधा त्यामुळे. मात्र कोरड्या दिवसांत भरलेलं बी बारीक असतं, हे त्या व्यवसायातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. हा माल मोठ्या बीत मिसळू नका. वेगळा आंबवा, वेगळा वाळवा, आणि बारीक आहे हे आधीच सांगून द्या.

परागीभवनावरून पालापाचोळ्याकडे वळते, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट तीच आहे.

कोकोचं फूल मधमाशीच्या कामाचं नाही. ते इतकं बारीक आणि आडनिडं असतं की त्यात शिरायला चिलटाएवढीच माशी लागते. या माशा ओलसर, कुजत्या पाल्यात वाढतात, गळून कुजलेल्या फळांच्या टरफलांतही वाढतात. ज्या फुलापर्यंत माशी पोचत नाही ते एक-दोन दिवसांत गळतं. एरवीसुद्धा शंभर फुलांत पाच फळं धरली तरी पुष्कळ. आता तुमची बाग बघा. चार महिने कोरडे गेले तेव्हा पाला कोरडा, माशा घटलेल्या. मग तुम्ही उरलासुरला पालाही झाडून बाहेर काढला. पाऊस आल्यावर खोडं फुलांनी लगडली, पण त्या फुलांवर यायला माशा कुठून येणार? फुलं भरपूर म्हणजे फळं भरपूर, हा लिंबूवर्गीय झाडांचा हिशोब इथे लागू पडत नाही. ताणानंतर पाणी मिळालं की कोको फुलतो हे खरं. पण त्याच वेळी तो नवी पालवीही फेकतो, आणि ही कोवळी पालवी फळांच्याच तोंडचा घास खाते. पालवीचा जोर असतो त्या आठवड्यांत कोवळ्या फळांची सुक वाढलेली तुम्हाला दिसेल. कोकोला मुद्दाम ताण देऊन बहार धरायचा विचार कुणी मांडला तर तो तिथेच थांबवा.

वणव्याची तुमची भीती मात्र खोटी नाही. १९८२-८३च्या दुष्काळात घानामध्ये आगींनी कोकोच्या बागा मोठ्या प्रमाणावर जाळल्या, आणि १९८३-८४च्या हंगामात त्या देशाचं उत्पादन १ लाख ६० हजार टनांच्या आत आलं. तेव्हा बागेच्या कडेने चार-पाच मीटरचा पट्टा अगदी स्वच्छ ठेवा, त्यात एक काडी ठेवू नका. आत, झाडांखाली, पाला परत पसरा, वीतभर जाड, फक्त खोडाला टेकू देऊ नका. तोडणीनंतरची टरफलंही बागेतच ठेवली तर माशांची सोय होते. पण फळकुजीने गेलेली फळं मात्र बाहेर काढून पुरा. हाच पाला ओल धरून ठेवतो, आणि कोकोला त्याची फार गरज आहे. सोटमूळ खोल जातं, पण पाणी-अन्न ओढणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या थरात असतात. सुलावेसीच्या त्या बागेत ८० टक्क्यांहून जास्त बारीक मुळं वरच्या ४० सेंटीमीटरमध्ये सापडली. उन्हाने आधी वाळतो तो हाच थर.

आता सासऱ्यांचा मुद्दा. त्यांना घरात कुणी वेड्यात काढत असेल तर काढू नका. सावलीचं झाड पाणी पितं, हे शंभर टक्के खरं आहे. प्रश्न इतकाच की ते कुठलं पाणी पितं.

कोको मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, मोठ्या झाडांच्या खाली वाढणारा. हवा कोरडी झाली की तो पानांवरची रंध्रं मिटून घेतो, कधी कधी जमिनीत ओल असतानाही. रंध्रं मिटली की पाणी वाचतं, पण पानात अन्न तयार होणंही मंदावतं. सावलीखाली हवा थोडी थंड, थोडी दमट राहते, वाऱ्याचा मारा कमी होतो, म्हणून तिथल्या झाडाला रंध्रं उघडी ठेवता येतात. हा सावलीचा फायदा. सुलावेसीत गिरीपुष्पाची मुळं आणि कोकोची मुळं वेगवेगळ्या खोलीवर होती, त्यामुळे पाण्यासाठी झोंबाझोंबी कमी झाली. पण घानामध्ये, कोकोच्या पट्ट्याच्या कोरड्या कडेला, २०१५-१६च्या एल निनोच्या दुष्काळात उलटं आढळलं. दोन विशिष्ट जातींच्या मोठ्या झाडांखालचा कोको उघड्यावरच्या कोकोपेक्षा जास्त मेला. त्या निष्कर्षावर अभ्यासकांमध्ये वाद झाला, कारण दोन जातींवरून सगळ्या सावलीला दोष देणं बरोबर नाही. माझंही मत तेच आहे. पण त्यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ‘सावली चांगली की वाईट’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘हे झाड माझ्या कोकोजवळ मुळं कुठे पसरतं’ या प्रश्नाला आहे. आणि ते उत्तर तुमच्याच जमिनीत सापडेल.

ज्या मोठ्या झाडाबद्दल शंका आहे, त्याच्या आणि जवळच्या कोकोच्या मधोमध गुडघाभर खड्डा घ्या, मुळं फार तुटणार नाहीत अशा बेताने. दोन्ही झाडांची मुळं ओळखू येतात. शंका आली तर मुळाचा माग काढत झाडापर्यंत जा. वरच्या वीत-दीड वीत थरात परक्या मुळांचं जाळंच असेल तर ते झाड तुमचं पाणी चोरतंय. वर मुख्यतः कोकोचीच मुळं असतील आणि परकी मुळं खाली उतरलेली असतील तर त्या झाडाला हात लावू नका. याबरोबर आणखी एक बघा. मेलेली चाळीस झाडं नेमकी कुठे आहेत? कागदावर बागेचा ओबडधोबड नकाशा काढून खुणा करा. ती एखाद्या मोठ्या झाडाभोवती गोळा झाली असतील तर सासरे बरोबर. ती उघड्या, वाऱ्याच्या कडेला असतील तर सासऱ्यांचा सल्ला तुमचं आणखी नुकसान करेल. उथळ, खडकाळ पट्ट्यात असतील तर सावलीचा काही संबंधच नाही.

आणि चोर सापडला तरी झाड एकदम पाडू नका. सावलीत वाढलेल्या कोकोवर अचानक ऊन आलं की पानं करपतात, शेंडे मरतात, आणि रस शोषणारे किडे अशा उघड्या पडलेल्या झाडांवर तुटून पडतात. पावसाळी दिवसांत फांद्या विरळ करा, पुढच्या वर्षी आणखी थोड्या, आणि त्या जागी खोल मुळांचं झाड लावून ते वाढू लागलं की मग जुनं काढा. गिरीपुष्पाचं तर सोपं आहे. कोरडे दिवस सुरू व्हायच्या आधी त्याच्या फांद्या थोड्या छाटून तोच पाला झाडांखाली घाला. पार बोडकं करू नका.

दुप्पट खताबद्दल फार लिहायची गरज नाही. कोरड्या जमिनीत टाकलेलं खत मुळांना मिळत नाही, उलट वरच्या थरात क्षार साचून बारीक मुळं भाजतात. पालाशाची (पोटॅशची) कमतरता असेल तर मात्र ती भरून काढा, कारण रंध्रं उघडण्या-मिटण्यात आणि ताणात पेशींनी पाणी धरून ठेवण्यात पालाशाचा हात असतो. त्यासाठी माती तपासा, आणि खत ओलीवर, पालवी फुटण्याआधी द्या. नत्राचा जोरदार डोस आत्ता दिलात तर पालवी आणखी माजेल आणि फळं आणखी सुकतील.

राहिला दिरांचा प्रश्न, बाग काढायची का.

आधी मेलं कोण आणि जिवंत कोण, हे ठरवा. खोडाची साल नखाने किंवा चाकूच्या टोकाने जराशी खरवडा. खाली हिरवट, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. शेंडे मेलेल्या शंभर झाडांत बहुतेक अशीच असतील. त्यांच्या मेलेल्या फांद्या जिवंत लाकडापर्यंत कापा. वरचा सांगाडा अगदीच गेला असेल तर जमिनीलगत येणाऱ्या फुटव्यांपैकी एक सरळ, जोमदार फुटवा ठेवून बाकीचे काढा. जुन्या मुळांवर नवं झाड उभं राहतं, आणि रोपापेक्षा लवकर फळाला येतं. कलमी झाडं असतील तर फुटवा कलमाच्या जोडाच्या वरचा आहे ना, ते बघा. खालचा असेल तर त्यावर पुन्हा कलम करावं लागेल. एक इशारा. नवी पालवी लालसर आणि लोंबती असते, ती कोमेजली असं समजून घाबरू नका. कोकोची कोवळी पानं मुळातच तशी लोंबतात.

चाळीस रिकाम्या जागांवर लगेच रोपं लावायची घाई नको. पाऊस सुरू होतानाच लावा, म्हणजे कोरडे दिवस येईपर्यंत मुळं खाली उतरलेली असतील. पहिली दोन वर्षं कोकोच्या आयुष्यातली सगळ्यात नाजूक. पहिल्या कोरड्या हंगामातच रोपं सगळ्यात जास्त जातात. रोप घेताना पिशवीच्या तळाशी सोटमूळ वेटोळं होऊन बसलेलं असेल तर ते घेऊ नका, पुढच्या प्रत्येक दुष्काळात ते झाड आधी मान टाकेल. फांदीच्या छाटापासून मुळं फोडून केलेल्या रोपाला बियाण्याच्या रोपासारखं सोटमूळ नसतं, हेही विचारून घ्या. काही वाण ताण जास्त सोसतात हे खरं आहे. पण विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. तुमच्याच बागेत, त्याच उथळ जमिनीत, शेजारची वाळली असताना जी झाडं फळांसकट टिकली त्यांना खूण करा आणि कलमाच्या डोळ्यांसाठी ती वापरा.

पाणी द्यायची सोय असेल आणि ते तुटपुंजं असेल, तर पहिला हक्क लहान रोपांचा. उरलेलं पाणी सगळ्या बागेत शिंपडून संपवण्यापेक्षा ज्या झाडांवर अडीच महिन्यांपुढची फळं आहेत त्यांना द्या. ती फळं आता सहसा सुकणार नाहीत. त्यांत बी किती भरेल हे त्या पाण्यावर ठरतं. थोडं थोडं, नियमित, ठिबकने, आच्छादनाखाली. महिन्यातून एकदा आळं तुडुंब भरण्याने काही साधत नाही.

मात्र दिरांचं म्हणणं खरं ठरू शकतं अशी परिस्थिती आहे, आणि ती तुम्ही तपासायलाच हवी. कोकोला वर्षाला साधारण १,५०० ते २,००० मिलीमीटर पाऊस मानवतो, आणि तो वर्षभर विखुरलेला हवा. महिन्याला १०० मिलीमीटरपेक्षा कमी पावसाचे महिने सलग तीनपेक्षा जास्त नसावेत, असा ढोबळ नियम आहे. तुमच्याकडे चार कोरडे महिने एकदा आले की दरवर्षी येतात? मागच्या दहा-पंधरा वर्षांची पावसाची नोंद काढा. शिवाय मेलेल्या झाडांच्या जागी खोल खड्डा घ्या. दीड मीटरपर्यंत माती असेल तर उत्तम. हातभर खाली कातळ किंवा कडक थर लागत असेल, वर्षाआड चार महिने कोरडे जात असतील आणि पाण्याची सोयही नसेल, तर त्या तुकड्यापुरता दिरांचा सल्ला माना. तिथे दुसरं पीक घ्या. सबंध बाग काढायचं कारण नाही.

ब्राझीलच्या बाहिया प्रांतात २०१५-१६च्या त्याच दुष्काळानंतर एक अभ्यास झाला. तिथल्या पाहिलेल्या बागांत सुमारे १५ टक्के झाडं मेली, आणि उत्पन्न मात्र ८९ टक्क्यांनी घसरलं. त्या वर्षी केवळ उत्पन्न बघून कुणी निर्णय घेतला असता तर दर शंभरांतली ८५ जिवंत झाडं त्याने स्वतःच्या हाताने तोडली असती. तुमच्याकडे साडेचारशेत चाळीस गेली. हे प्रमाण त्याहून कमी आहे. त्याच अभ्यासात दुष्काळानंतर तिथल्या ‘चेटकिणीचा झाडू’ नावाच्या बुरशीरोगाची लागण वाढलेलीही दिसली. दमलेल्या झाडावर रोग-किडी लवकर बसतात, म्हणून या वर्षी फेऱ्या वाढवा आणि खोडावरचे ओघळ, फांद्यांवरची भोकं यांवर नजर ठेवा.

आता दिरांना एक काम द्या. बागेत वेगवेगळ्या भागांतली वीस झाडं निवडून रंगाने खूण करायला सांगा. दर महिन्याच्या एकाच तारखेला त्या झाडांवरची फळं तीन गटांत मोजायची: बोटाएवढी, मुठीएवढी आणि त्याहून मोठी. बोटाएवढ्यांवर भरवसा ठेवू नका, त्यातली बरीच सुकतील. मुठीएवढी आणि मोठी फळं पुढच्या दोन-तीन महिन्यांत तोडणीला येतील. पावसानंतरच्या फुलांची फळं तुमच्या झाडांवर आत्ता मुठीच्या पुढे गेलेली असायला हवीत. ती दिसली तर येत्या दोन महिन्यांत तोडणी सुधारेल. ती नसतील, फुलं येऊन नुसती गळत असतील, तर पाला परत टाकल्यानंतरच्या पुढच्या फुलोऱ्याची वाट बघावी लागेल, आणि त्याचं फळ हातात यायला आणखी पाच-सहा महिने. बागेचा निर्णय त्यानंतरच्या तोडणीवर घ्या. तोवर खड्डे, नकाशा आणि पावसाच्या नोंदी तुमच्याकडे तयार असतील, आणि सासरे, दीर आणि तुम्ही एकाच कागदावर बोट ठेवून बोलू शकाल.